गुळाच्या पोळीचा चतकोर

चिंचवडमध्ये दवाखाना चालवताना गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी एक वाक्य इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचा शिक्काच करून घ्यायला हवा होता : ‘हलका आहार घ्यावा.’ ताप असो, कावीळ असो, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती असो, औषधांच्या यादीखाली ही ओळ ठरलेली. हलका म्हणजे काय, किती आणि तो कोणी शिजवायचा, हे मी क्वचितच सांगितले आणि मला क्वचितच कोणी विचारले. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत या सवयीची मला चांगलीच किंमत कळली. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेकडे आता साठी ओलांडलेली माणसेही वळू लागली आहेत. शस्त्रक्रिया करणारे वेगळे असतात. त्यानंतर त्या माणसाला पुन्हा जेवायला आणि उठा-बसायला शिकवण्याचे काम मात्र बहुधा घरातल्या दुसऱ्या एका वयस्क माणसावर येऊन पडते. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. ज्यांची हकिगत सांगतो आहे त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती लिहीत आहे.

काका आकुर्डीच्या बाजूच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे एकामागून एक मोठे कारखाने आले, आणि पिंपरी, भोसरीपासून तळवडे, चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात दोन पिढ्यांचे जेवण भोंग्याच्या तालावर झाले. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रात्रपाळी. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. त्यातला निम्मा वेळ हात धुण्यात आणि कॅन्टीनच्या रांगेत जायचा. चार पोळ्या, भात, आमटी हे सगळे दहा मिनिटांत उरकायची सवय काकांना त्या काळात लागली आणि निवृत्तीनंतरही ती गेली नाही. वजन, मधुमेह, रक्तदाब याविषयी मी त्यांच्याशी अनेकदा बोललो होतो. जेवणाच्या वेगाविषयी एकदाही बोललो नव्हतो. पुढे जे घडले त्यात या वेगाचा वाटा मोठा होता.

बासष्टाव्या वर्षी त्यांचे वजन ११८ किलो आणि उंची पाच फूट पाच इंच होती. दिवसातून दोन वेळा इन्सुलिन, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ च्या पुढे असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेतील श्वासरोधाचा तीव्र त्रास असेल, आणि इतर उपाय थकले असतील, तर ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नाही. काकांचा बीएमआय ४३ होता. नाताळच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या एका रुग्णालयात त्यांच्यावर ‘स्लीव्ह’ प्रकारची शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. त्या नळीत सुरुवातीला चहाच्या लहान कपाइतकेच अन्न मावते. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही पुष्कळ मंदावते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी काका घरी आले, सोबत पाच पानांचा इंग्रजी आहारतक्ता होता. मुलगा चाकणला, सून हिंजवडीला नोकरीला; दिवसभर घरात काका आणि काकू दोघेच. काकूंचे शिक्षण नववीपर्यंतचे. तक्त्यात ‘प्युरी’ होती, ‘सॉफ्ट सॉलिड’ होते, ब्रोकोलीचे सूप होते. मुलाने रात्री घरी येऊन त्याचे मराठी केले ते असे : पंधरा दिवस पातळ, मग घट्ट, मग नेहमीचे.

एकविसाव्या दिवशी संक्रांत आली.

“तीन आठवडे नुसतं पाणी-पाणी चाललेलं, डॉक्टर,” काकूंनी मला नंतर सांगितले. “सणाच्या दिवशी सगळ्यांनी पोळ्या खायच्या आणि ह्यांनी कोपऱ्यात बसून वरणाचं पाणी प्यायचं. मला बघवेना. चतकोर दिली, तीही तुपात भिजवून. एवढ्याशा पोळीनं काय होणार, असं वाटलं.”

काकांनी तो चतकोर दोन घासांत संपवला, चौतीस वर्षांच्या सवयीने. कणीक आणि गूळ यांचा गोळा त्या नुकत्या शिवलेल्या नळीच्या तोंडाशी अडकला. छातीत दगड ठेवल्यासारखे वाटू लागले, तोंडात फेसाळ लाळ सुटली, आणि अर्ध्या तासाने उलटी झाली. उलटी झाल्यावर बरे वाटले, पण नळीला सूज आली. दुसऱ्या दिवसापासून ताकही उलटू लागले. काकूंना स्वतःचा अपराध वाटत होता, काकांना त्यांना बोल लागू द्यायचा नव्हता. त्यामुळे पोळीची गोष्ट दोघांनीही मुलाला सांगितली नाही. चौथ्या दिवशी मुलाचा मला फोन आला : “बाबांना उलट्या होतायत, ॲसिडिटी दिसतेय.” दवाखान्यात गर्दी होती. मी पित्ताची एक आणि उलटीची एक गोळी सांगितली, हलका आहार द्या म्हटले, आणि बरे न वाटल्यास घेऊन या, असे सांगून फोन ठेवला. लघवी किती होते, पाणी तरी टिकते का, जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत का, यांतला एकही प्रश्न मी विचारला नाही. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवा, एवढेसुद्धा म्हणालो नाही.

ते आले २६ जानेवारीच्या सकाळी, दवाखाना बंद असताना. मुलाने आणि शेजाऱ्याने दोन्ही बाजूंनी धरले होते. काका म्हणाले, “दोन-दोन दिसतंय.” पाय फाकवून, चाचपडत पावले टाकत होते. तळपायांना मुंग्या होत्या. नजर बाजूला वळवायला सांगितली तेव्हा बुबुळे थरथरत होती. बोलण्यात थोडी विसंगती होती. मला त्यांनी दोनदा कंपनीच्या डॉक्टरांच्या नावाने हाक मारली. बारा दिवस पोटात काही टिकत नव्हते हे तेव्हा कळले. आमच्याकडे सलाईनची बाटली लागली की उपचार सुरू झाला असे सगळेच मानतात. माझ्या मदतनिसाने ग्लुकोजची बाटली स्टँडला अडकवलीही होती. सुई टोचण्याआधी मी त्याचा हात धरला. ते चातुर्य माझे नव्हते. विद्यार्थिदशेत मेडिसिनच्या वॉर्डात दारूच्या व्यसनाने खंगलेल्या रुग्णांबाबत आमचे सर जे बजावत असत, ते ऐन वेळी आठवले : आधी थायमिन, मग ग्लुकोज.

थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. ग्लुकोजपासून ऊर्जा तयार करताना मेंदूला आणि नसांना ते लागतेच, आणि शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर आहार आधीच तुटपुंजा. त्यात सतत उलट्या झाल्या की हा साठा संपतो. अशा वेळी नुसते ग्लुकोज शिरेतून दिले तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. याला वर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. जीवनसत्त्वांची गोळी काकांना लिहून दिलेली होती. ती मोठी होती, घशाशी अडकल्यासारखी वाटायची, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून ती डबीतच राहिली होती. पाकीट नंतर काकूंनी मला दाखवले. दोन गोळ्या वापरलेल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी.

थायमिनचे इंजेक्शन देऊन मी त्यांना गाडीतून थेट त्या रुग्णालयात पाठवले आणि तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. पुढे शिरेतून मोठ्या मात्रेत थायमिन दिले गेले, दुर्बिणीने तपासणी झाली. नळीत सूज होती, कायमचा अडथळा नव्हता. दुहेरी दिसणे चार-पाच दिवसांत थांबले. पायांच्या मुंग्या आणि चालीतला डळमळीतपणा जायला मात्र जवळजवळ पाच महिने लागले. माझ्या त्या फोनवर मी दोन मिनिटे अधिक घालवली असती तर यातले बरेचसे टळले असते, असे मला आजही वाटते.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगतो. या शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलटी होणे हे ‘होतेच थोडेफार’ या सदरात टाकू नये. एखादा घास घाईने खाल्ला आणि उलटला, हे समजू शकते. परंतु पूर्ण दिवस पाणीही टिकत नसेल, किंवा दोन-तीन दिवस रोज उलटी होत असेल, तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, आणि जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तर शस्त्रक्रियेचा कागद त्यांच्या समोर ठेवावा. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे, नाडी फार जलद चालणे, धाप लागणे, एका पोटरीला सूज येणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. आणि पोळी दिली असेल तर दिली म्हणून सांगावे. डॉक्टर रागावले तर रागावू द्यावेत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या आत मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी थेट स्वयंपाकघरात बसलो. काकूंना मी घरातल्या सगळ्या वाट्या काढायला सांगितल्या. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या झाकणाने पाणी ओतून आम्ही त्या मोजल्या. आमटीची वाटी दीडशे मिलिलिटरची भरली, म्हणजे काकांचे अख्खे नवे पोट. चटणी-कोशिंबिरीची वाटी नव्वदची. सगळ्यांत शेवटी काकूंनी देवघरातून नैवेद्याची वाटी आणली. ती साठ मिलिलिटरची निघाली.

“हे बरोब्बर माप आहे,” मी म्हणालो.

काकू गप्प झाल्या. देवाच्या वाटीत माणसाला कसे वाढायचे, हा त्यांचा प्रश्न मला कळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंचवडगावातल्या भांड्यांच्या दुकानातून तशाच दोन स्टीलच्या वाट्या आणल्या. पुढचे सहा महिने काका त्या वाटीत जेवले.

आहाराचे टप्पे प्रत्येक रुग्णालयाचे थोडे वेगळे असतात आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले तेच पाळावेत. सर्वसाधारण क्रम सांगतो. पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव : पाणी, भाताची पातळ निवळ, गाळलेले सूप. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दाट द्रव : ताक, साय काढलेले दूध, मुगाचे कढण, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले, गुठळी नसलेले अन्न. ‘प्युरी’ म्हणतात ती हीच. आपल्या स्वयंपाकघरात तिला नावांची कमतरता नाही. घोटलेले वरण, सैल पिठले, चक्का फेटून केलेले घट्ट दही, वाटलेली लाल भोपळ्याची भाजी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पण चावून खायचे अन्न : बोटाने कुस्करता येईल अशी मुगाची उसळ, मऊ उकडलेले किंवा फेटून शिजवलेले अंडे, पनीर, उकडलेली मासळी. त्यानंतर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी, हळूहळू नेहमीचे जेवण. काकांचे घड्याळ अर्थातच महिनाभर मागे गेले. त्यांना पुन्हा कढणापासून सुरुवात करावी लागली.

पोळी, पाव आणि मोकळा भात हे पदार्थ सोपे वाटतात, पण या नळीत तेच सगळ्यांत जास्त अडकतात, कारण चावल्यावर त्यांचा चिकट गोळा होतो. काकांना पहिली मानवली ती भाकरी, आमटीत चांगली अर्धा तास भिजवलेली. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या फोडीची साल, पेरूच्या बिया यांना पहिले काही महिने फाटा द्यावा. गोड पदार्थांचा त्रास बायपास झालेल्यांना विशेष होतो. साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. पुष्कळांना तो हृदयविकाराचा झटका वाटतो.

वाटीचे माप काकांनी लवकर स्वीकारले. वेग सुटायला फार दिवस लागले. साठ मिलिलिटर वरण संपवायला वीस मिनिटे, चहाच्या चमच्याने, एक घास गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा. काकूंनी ओट्यावरचे घड्याळ जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले. पहिल्या आठवड्यात काका चिडायचे. “कंपनीत एवढ्या वेळात मी जेवून, पान खाऊन मशीनवर परत जायचो!” जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, एरवी दिवसभर घोट-घोट करून दीड लिटरच्या वर. हा नियम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जातो, कारण ताटाशेजारी तांब्या-भांडे ठेवल्याशिवाय पान वाढले असे आपण मानतच नाही. काकूंनी तांब्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

यानंतर मी त्यांना प्रथिनांचा हिशेब शिकवला, आणि खरे सांगायचे तर आधी स्वतः शिकलो. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, अशी अपेक्षा असते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वरण आपल्याला प्रथिनांचे भांडार वाटते, पण पातळ वरणाच्या नैवेद्याच्या वाटीत दोन-तीन ग्रॅमच्या वर काही नसते. म्हणजे नुसत्या वरण-भातावर साठ ग्रॅम गाठणे या पोटाला शक्यच नाही. म्हणून वाटीत आधी उसळ, अंडे, पनीर किंवा मासळी, मग भाजी, भात-भाकरी सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर. काकूंना हे उलटे वाढणे जड गेले. सोयाबीनच्या वड्या त्यांनी भिजवून, वाटून पिठल्यात मिसळल्या आणि काकांना सांगितलेच नाही. हा शोध पूर्णपणे त्यांचा. माझ्या कोणत्याही पुस्तकात तो नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात. जीवनसत्त्वे, कॅल्शियम, ड, ब-१२ आणि गरजेप्रमाणे लोह हे या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभराचे सोबती आहेत. मोठी गोळी जात नसेल तर चघळायची किंवा पातळ मिळते; डॉक्टरांना विचारून बदलावी, बंद करू नये. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. मधुमेहाची आणि रक्तदाबाची जुनी औषधे जुन्याच मात्रेत चालू ठेवणे धोक्याचे असते. काकांचे इन्सुलिन पहिल्या महिन्यातच बंद झाले, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून घेणे तर पूर्णपणे टाळावे. बायपासनंतर त्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. काकांपुढे तो प्रश्नच नव्हता.

जून अखेर वजन ९० किलोवर आले. अठ्ठावीस किलो! सोसायटीत कौतुक झाले, नातेवाईक फोटो मागू लागले. आपल्याकडे या शस्त्रक्रियेची चर्चा नेहमी किलोंतच होते. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आली होती तेव्हाही वर्तमानपत्रे तिचे किलो मोजत होती : सुमारे पाचशेहून किती उतरले, आज किती. अनेक व्याधींनी ग्रासलेली ती तरुणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत निवर्तली. लोकांच्या लक्षात आकडे तेवढे राहिले.

काका जूनमध्ये दवाखान्यात आले तेव्हा मी वजन पाहिले, शाबासकी दिली आणि सहज म्हणालो, “हात छातीशी बांधून खुर्चीतून उठून दाखवा. बसा. पुन्हा उठा. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमते ते बघू.” सहा वेळा जमले. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला चौदाच्या आसपास जमायला हवे. काका रोज सकाळी निगडी प्राधिकरणात पाच किलोमीटर चालत होते. तरीही जमिनीवर मांडी घालून बसले तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नव्हते. नातवाला उचलताना पाठ धरत होती. अठ्ठावीस किलोंत चरबी गेली होती, तसा स्नायूही गेला होता. झपाट्याने वजन उतरते तेव्हा सर्वसाधारणपणे पाव भाग, कधी त्याहून अधिक, चरबीव्यतिरिक्तच्या ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायू मोठा. तरुण माणूस तो भरून काढतो. साठीनंतर तो आपोआप भरून येत नाही.

शिवाय आपली मूळची शिल्लकच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तितक्याच वजनात भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्या एका चित्रातून कळते. काकांना मी ते तोंडी समजावले. ते यंत्रावर काम केलेले गृहस्थ, म्हणाले, “म्हणजे बॉडी हलकी झाली, पण इंजिनही छोटं झालं.” मला याहून चांगले सांगता आले नसते.

चालणे चांगलेच. शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाला उठवून चालवतात, ते पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे चालायचे आणि दर आठवड्याला थोडे वाढवायचे. पण स्नायू टिकवायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि नुसत्या चालण्याने तो पुरेसा पडत नाही. पहिले सहा आठवडे पाच किलोहून जड काही उचलू नये, पोटाचे व्यायाम तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय करूच नयेत. एकदा ती परवानगी मिळाली की आठवड्यातून तीन दिवस भाराचा व्यायाम हवा. काकांसाठी जिम आम्ही विचारात घेतली नाही. भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची घेऊन उठ-बस; भिंतीवर तळवे ठेवून दंड; ओटा धरून टाचा उचलणे; पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली. प्रत्येकी आठ-दहा वेळा, मध्ये विसावा, आणि श्वास रोखून धरायचा नाही. पायांचा डळमळीतपणा अजून पुरता गेला नसल्याने काकू शेजारी उभ्या राहात. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबायचे, हेही ठरले होते.

ऑगस्ट-सप्टेंबरात वजन ८७ वर अडकले आणि दोन महिने हलेना. मुलगा काळजीत पडला. शस्त्रक्रिया फसली का, असे विचारायला आला. मी त्याला त्या महिन्यातले खुर्चीचे आकडे दाखवले : दहा, मग बारा. दिवाळीत काका दुर्गादेवी टेकडीवर चढून गेले आणि वरून मला फोन केला. धापेमुळे त्यांना बोलता येत नव्हते, म्हणून काकूच बोलल्या.

पुढच्या संक्रांतीला दोघे दवाखान्यात तिळगूळ घेऊन आले. काकांनी त्या दुपारी गुळाची पोळी खाल्ली होती. काकूंनी मुद्दाम तळहाताएवढी लाटली होती, आणि तीतलाही चतकोरच, घड्याळ समोर ठेवून, अठरा मिनिटांत. काही त्रास झाला नव्हता. खुर्चीचा आकडा पंधरा आला. मी वहीत लिहिले.

मग काकू जरा संकोचून म्हणाल्या, “डॉक्टर, माझं वजन बघता का? वर्षभर ह्यांच्या वाटीतलं जे उरलं ते मीच संपवलंय. टाकवत नाही हो.”

त्यांनी चपला काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. वर्षात सहा किलो वाढले होते, आणि रक्तदाब १५६ बाय ९४ होता. तो मी यापूर्वी कधी तपासलाच नव्हता. त्या नेहमी काकांसोबत यायच्या आणि मी त्यांना शेजारच्या स्टुलावर बसायला सांगायचो. मी त्यांच्या नावाचा नवा कागद काढला. ‘हलका आहार’ लिहायला पेन टेकवले आणि उचलले.

“सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा,” मी म्हणालो. “वाटीसकट.”